दोराचे एक टोक काठावर



गाळप हंगाम संपला, शेवटची टोळी गावाकडे परतली, म्हणजे आपल्याला थोडी उसंत मिळते. अशाच उसंतीत आम्ही काही सभासद एप्रिल महिन्यात घाट उतरून मालवणकडे गेलो होतो. तेथून दहा-बारा किलोमीटरवरच्या देवबाग गावी दोन दिवस मुक्काम केला. देवबागला ऊस नाही. नारळ आहे, मासळी आहे आणि आता पाहुणे आहेत. मग साखर कारखान्याच्या अंकात देवबागचे काय काम, असे कोणी विचारील. काम आहे. धंद्यात धाडस करावे की करू नये, आणि करायचे तर कसे, याचा एक धडा आम्हाला तेथे वाळूत उभे राहून मिळाला. तो आपल्या सर्वांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे देत आहोत.

हा विषय आताच का? ठिबकासाठी कर्ज काढावे का, ट्रॅक्टर घ्यावा का, जोडीला गाई घ्याव्यात का, असे प्रश्न घेऊन अनेक सभासद शेतकी खात्याकडे येतात. काहींना आपण नुसते ‘करा’ म्हणतो, काहींना ‘नको’ म्हणतो. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत.

रापणीचे गणित

देवबाग म्हणजे जमिनीची एक अरुंद पट्टी. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी आणि दक्षिणेच्या टोकाला नदी-समुद्राचा संगम. समुद्र किनारा खातो, म्हणून धूपप्रतिबंधक बंधारे घालावे लागले आहेत. अशा ठिकाणी राहणे हेच एक धाडस म्हणावे लागेल. तेथे आम्ही सकाळी रापण पाहिली.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबलचक जाळे. त्याच्या दोराचे एक टोक काठावर माणसांच्या हाती राहते. होडी जाळे सोडीत समुद्रात जाते, अर्धवर्तुळ घेते आणि दुसऱ्या टोकाचा दोर घेऊन थोड्या अंतरावर परत काठाला लागते. मग दोन्ही बाजूंनी माणसे दोर ओढू लागतात. जाळे हळूहळू जवळ येते. आत बांगडा असेल, तारली असेल, नाहीतर नुसते शेवाळही असेल.

आता यातली योजना बघा. पहिली गोष्ट, जाळे एकट्याचे नसते. भागीदार आपापला भाग देतात आणि ते जोडून रापण उभी राहते. मासळी आली तर होडीचा, जाळ्याचा आणि ओढणाऱ्यांचा वाटा ठरल्याप्रमाणे निघतो. काहीच आले नाही, तर सर्वांचे थोडे थोडे जाते, एकाचे सगळे जात नाही. दुसरी गोष्ट, पाण्याचा रंग, पक्ष्यांची झडप, वारा, भरती-ओहोटी हे सगळे बघून मगच होडी सुटते. तिसरी आणि मुख्य गोष्ट, दोराचे एक टोक काठावर राहते. होडी कितीही आत गेली तरी ते टोक सुटत नाही.

आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांचे वडील सारा जन्म रापण ओढलेले. ते म्हणाले, “पावण्यांनू, दर्यात जावक व्हया, पण येवची वाट आदी बघूक व्हयी.” समुद्रात जायलाच हवे, पण परतीची वाट आधी बघायला हवी. या वाक्याचे दोन्ही भाग महत्त्वाचे आहेत. आपल्यातले काही जण फक्त पहिला ऐकतात आणि काही फक्त दुसरा.

पूर्वीइतक्या रापणी आता लागत नाहीत. यांत्रिक नौका वाढल्या, काठाजवळची मासळी कमी झाली. म्हणजे नुसते जुने धरून बसणे हाही धोकाच ठरला.

गावाचे दुसरे धाडस

१९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. शेजारच्या तारकर्लीला पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आहे. हे सगळे पाहून देवबागच्या घराघरांतून पाहुण्यांसाठी खोल्या निघाल्या. आमच्या यजमानांनी सांगितलेली हकिगत अशी : सुरुवातीला त्यांनी राहत्या घराची एक खोली साफ करून दिली. नवे बांधकाम केले नाही. दोन हंगाम पाहुण्यांना काय हवे, काय नको ते बघितले. मग त्याच पैशातून संडास-न्हाणीघर बांधले. त्यानंतर कर्ज काढून दोन खोल्या वाढवल्या. होडी मात्र विकली नाही, आणि नारळाची बागही तोडली नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि ऐन उन्हाळी हंगामात पाहुणे बंद झाले. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने मालवण किनारपट्टीला झोडपले. छपरे उडाली, माड पडले. यजमान म्हणाले, “खोल्या रिकाम्या होत्या, पण होडी होती म्हणून चूल पेटली.” ज्यांनी होडी विकून, दागिने मोडून, एकदम मोठी इमारत उभी केली असती, त्यांच्यावर त्या दोन वर्षांत काय वेळ आली असती याचा विचार करावा.

येथे धाडस झालेच. न झाले असते तर मुले नोकरीसाठी मुंबईच्या गाडीत बसली असती. पण ते पायरी-पायरीने झाले. एक पायरी घट्ट झाल्याशिवाय दुसरीवर पाय ठेवला नाही.

आपल्या घरचे उदाहरण

देवबागपर्यंत जायला नको, सहकारी साखर कारखानदारीचा जन्म हाच अशा धाडसाचा नमुना आहे. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी १९२३ साली गावात सहकारी पतपेढी काढली. शेतकरी पैसे जमवतो, परत करतो, हिशोब ठेवतो, हे आधी लहान कामात सिद्ध झाले. प्रवरा कारखान्याची नोंदणी १९४८ सालची आणि पहिला गाळप हंगाम १९५०-५१ चा. म्हणजे पतपेढी आणि कारखाना यांत पंचवीस वर्षांचे अंतर आहे. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले. अनुभवी शेतकरी आणि जाणकार अभ्यासक एकत्र आले. भांडवल एकाच्या खिशातून नव्हे, तर अनेक शेतकऱ्यांच्या भागांतून उभे राहिले.

शेतकऱ्यांनी कारखाना काढायचा, हे त्या काळी अनेकांना वेड वाटले असेल. पण त्या वेडात रापणीच्या तिन्ही गोष्टी होत्या : भागीदारी, आधीची पारख आणि काठावरचा दोर.

हिशोब मांडून बघू

आता आपल्या रानात येऊ. समजा, एका सभासदाकडे चार एकर ऊस आहे. सोयीसाठी ठोकळ आकडे धरू. एकरी ४० टन उतारा, तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला ३,००० रुपये. वर्षाला ४,८०,००० रुपये आले. लागवडीपासूनचा खर्च एकरी ६०,००० म्हणजे २,४०,०००. घरखर्च १,५०,०००. शिल्लक राहिली ९०,०००.

या सभासदाला चारही एकर ठिबकाखाली आणायचे आहेत आणि कर्जाचा वार्षिक हप्ता ८०,००० बसतो. कागदावर जमते, १०,००० उरतात. बहुतेक जण येथेच हिशोब थांबवतात आणि सही करतात.

पण पुढे चला. वाईट वर्ष धरा. पाऊस कमी झाला, हुमणी लागली, तोड उशिरा आली. उतारा एकरी ३० टनांवर आला. आता उत्पन्न ३,६०,०००. खर्च आणि घर वजा जाता ३०,००० ची तूट. त्यावर ८०,००० चा हप्ता धरला तर तूट १,१०,०००. हा खड्डा सावकाराकडे नेतो.

तोच सभासद आधी एकच एकर ठिबकाखाली आणतो. हप्ता २०,०००. वाईट वर्षात तूट ५०,०००. दुधाच्या पैशातून, थोडी काटकसर करून ती भरून निघू शकते. चांगल्या वर्षी हप्ता भागून ७०,००० हाती राहतात. त्यातून पुढच्या एकराची तयारी करता येते.

कोणी म्हणेल, ठिबकाने उतारा वाढतो, तो का धरला नाही? वाढतो, पाणीही वाचते, यात शंका नाही. पण आपल्या जमिनीत, आपल्या हाताने, किती वाढला हे काट्यावर दिसल्यावरच वहीत लिहावे. न पाहिलेले उत्पन्न हप्त्याच्या भरवशाला धरू नये.

आणि जो सभासद काहीच करणार नाही, त्याचे काय? विहिरीचे पाणी दरवर्षी खाली जात असेल, तर त्याचा ३० टनांचा दिवस कर्ज न काढताही येणार आहे. न करण्यालाही किंमत असते, फक्त तिची पावती मिळत नाही.

आमची चूक

दुसऱ्याला शहाणपण सांगताना आपली चूक लपवू नये. काही वर्षांपूर्वी आमच्यापैकी तिघांनी नव्या बेण्याची मोठी वाहवा ऐकली आणि सगळ्या रानात एकदम तीच लागण केली. बेणे कोणाच्या प्लॉटातले, निरोगी आहे का, याची चौकशी केली नाही. खोडव्यात गवताळ वाढ दिसू लागली. बेटे उपटून काढावी लागली आणि दोन वर्षांची घडी विस्कटली. दहा गुंठ्यांत करून पाहिले असते तर दहा गुंठेच गेले असते. नवे बेणे आणण्यात चूक नव्हती, दोर काठावर न ठेवण्यात होती.

कारखान्याच्या पातळीवर

हाच नियम संस्थेलाही लागू आहे. अनेक कारखान्यांनी कर्जे काढून इथेनॉलचे प्रकल्प उभारले. ते धाडस योग्यच होते, कारण केवळ साखरेच्या भावावर कारखाना तगणे अवघड झाले होते. पण ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने साखरेच्या टंचाईच्या भीतीने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले. काही दिवसांनी ते थोडे सैल झाले आणि २०२४-२५ सालासाठी उठले. पण मधल्या काळात कर्जाचे व्याज थांबले नव्हते. २०२५ मध्ये सहकारी कारखान्यांच्या आसवनी धान्यावरही चालाव्यात यासाठी केंद्राने व्याज सवलतीची योजना आणली. एकाच कच्च्या मालावर आणि एकाच सरकारी धोरणावर सगळा डोलारा उभा करू नये, हा त्यातला बोध. वार्षिक सभेत कोणताही नवा प्रकल्प मांडला गेला, की सभासदांनी ‘नफा किती’ याच्या आधी ‘दोन वर्षे बंद राहिला तर हप्ता कोठून’ हा प्रश्न विचारावा. तो विचारणे म्हणजे विरोध नव्हे. मालकाचे ते कर्तव्य आहे.

एक धोका कधीच घेऊ नये

पैशाचा धोका मोजता येतो, जिवाचा नाही. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची नौका उलटून दोघांचा मृत्यू झाला. पावसाळ्याच्या तोंडावर या किनाऱ्यावरचे जलक्रीडा प्रकार बंद ठेवतात, त्यामागे कारण आहे. आपल्याकडेही तेच. क्षमतेबाहेर ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, चालक दोन रात्री जागा. हे धाडस नव्हे, ही जिवाशी खेळी. एक खेप वाचवण्यासाठी कोणाचे घर उजाड करू नये.

करण्यापूर्वी विचारावयाचे पाच प्रश्न

१. हे काम मी लहान प्रमाणात करून पाहिले आहे काय?

२. सगळे फसले तर नेमके किती रुपये जातील? तो आकडा मी कागदावर लिहिला आहे काय?

३. ते गेले तरी घर, जमीन आणि मुलांचे शिक्षण चालू राहील काय?

४. धोका वाटून घेणारे भागीदार कोण? विमा, गट, सोसायटी यांपैकी काय आहे?

५. कोणती खूण दिसली की मी थांबेन, हे आधीच ठरले आहे काय?

पाचही उत्तरे समाधानकारक असतील तर मागे राहू नका, होडी सोडा. एकाचेही उत्तर अडत असेल, तर आधी ते सोडवा. ही पाने कापून वहीत चिकटवावीत आणि कर्जाच्या अर्जावर सही करण्याच्या आदल्या रात्री घरच्या मंडळींसमवेत, विशेषतः घरातील कारभारणीसमोर, मोठ्याने वाचावीत. घरचा हिशोब तिच्याइतका दुसऱ्या कोणाला ठाऊक नसतो.

आम्ही देवबागहून निघालो त्या सकाळी रापण पुन्हा लागली होती. त्या दिवशी जाळ्यात फारसे आले नाही. माणसांनी जाळे झाडले, वाळत घातले आणि उद्याच्या भरतीची वेळ ठरवून घरोघर गेली. फसलेल्या दिवसानंतर उद्याची वेळ ठरवता येणे, हीच योजनेची कसोटी आहे. आपल्या प्रत्येक सभासदाला तशी वेळ ठरवता यावी, एवढीच अपेक्षा.

जय सहकार!