घरोघरचा केर आणि नगराचें कर्तव्य

घरांतील केर आपण रोज सकाळीं काढतों, तो दाराबाहेर जातो, आणि घर स्वच्छ झालें असें आपण म्हणतों. दाराबाहेर गेलेल्या केराचें पुढें काय होतें, हा प्रश्न मात्र फारच थोडे लोक विचारतात. प्रस्तुत पाठांत आम्ही त्याच प्रश्नाचा विचार करणार आहों. नगरपरिषदेनें घरोघर गाडी पाठवून कचरा गोळा करावा, हें बहुतेकांस मान्य आहे. वाद आहे तो त्याच्या पुढचा. ही व्यवस्था प्रत्येक घराला सक्तीची असावी काय? म्हणजे ज्याला ती नको असेल त्यानेंहि आपला कचरा त्याच गाडीला द्यावा व तिचें शुल्क भरावें, असा नियम नगरानें करावा काय? विद्यार्थ्यांनीं दोन्ही बाजू शांतपणें ऐकाव्या आणि मग आपलें मत बनवावें, अशी आमची इच्छा आहे.

प्रथम हा प्रश्न उत्पन्न कसा झाला तें पाहूं. आमच्या जिल्ह्यांतील जुन्या गांवगाड्यांत कचऱ्याचें ओझें असें फारसें नव्हतेंच. शेण, राख, पाचोळा, भाजीचे देंठ हें सर्व उकिरड्यावर पडे आणि मृगाचा पाऊस येण्यापूर्वीं तेंच खत होऊन शेतांत जाई. जुन्या लुगड्यांची गोधडी होई; उरलेले कपडे बोहारीण घेऊन जाई व त्यांच्या मोबदल्यांत भांडें देई. उकिरड्याचीहि दैना बारा वर्षांनीं फिटते अशी आपल्यांत म्हण आहे. प्रत्यक्षांत शेतकऱ्याच्या घरीं ती दर वर्षीं फिटत असे. आज घराबाहेर जाणाऱ्या केरांत दुधाच्या पिशव्या असतात, शांपूच्या पुड्या असतात, औषधांचीं रिकामीं पाकिटें, संपलेले सेल, फुटलेले दिवे असतात. या वस्तु कुजत नाहींत. म्हणून शेतकरीहि असा उकिरडा आपल्या शेतांत नेत नाहीं. खरकटें पिशवींत बांधून रस्त्यावर टाकलें कीं गाय पिशवीसकट तें गिळते, आणि प्लॅस्टिक तिच्या पोटांत सांचत जातें. ज्या जिल्ह्याची शेळी ‘उस्मानाबादी’ या नांवानें देशभर प्रसिद्ध आहे, त्या जिल्ह्यांतील लोकांस मुक्या जनावरांची ही हानि वेगळी समजावून सांगावयास नको.

आतां थोडें गणित करूं. २०११ सालच्या खानेसुमारींत उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, नगराची लोकसंख्या १,११,८२५ भरली होती. प्रत्येक माणसामागें दिवसाला केवळ पाव किलो कचरा धरला, तरी एका दिवसाचा कचरा सुमारें २८ टन होतो आणि वर्षाचा दहा हजार टनांच्या वर जातो. हा आंकडा आम्ही हिशेबासाठीं धरलेला आहे, मोजलेला नव्हे. परंतु ओझें केवढें आहे तें त्यावरून कळेल. हा कचरा कोणी उचलला नाहीं तर त्याला चारच वाटा उरतात. तो नालींत जातो आणि पहिल्याच पावसांत नाली तुंबते. तो मोकळ्या जागेंत पडून कुजतो. तो जाळला जातो व त्याचा विषारी धूर शेजारच्या घरांत शिरतो. किंवा ओढ्यानदीला मिळतो. आमचा जिल्हा पर्जन्यछायेंतला, उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहणारा. कचऱ्याच्या ढिगाखालून झिरपणारें काळें पाणी विहिरींत उतरलें, तर जें थोडें पाणी आपल्यापाशीं आहे तेंहि आपण गमावून बसूं.

अस्वच्छतेची किंमत काय पडते हें इतिहासानेंहि दाखविलें आहे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला आणि पुढें तो पुण्यासह देशाच्या अनेक भागांत पसरला. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनीं, १९९४ च्या सप्टेंबर महिन्यांत, सुरत शहरांत प्लेगची सांथ आली आणि लाखों लोक शहर सोडून पळाले. पुढल्या वर्षीं तेथें आलेले आयुक्त एस. आर. राव यांनीं सफाईची घडी नव्यानें बसविली. कचरा टाकणाऱ्यांस दंड केले, अधिकाऱ्यांस रोज रस्त्यावर उतरविलें, आणि थोड्याच वर्षांत तेंच सुरत देशांतील स्वच्छ शहरांत गणलें जाऊं लागलें. लोक तेच होते. बदलली होती ती व्यवस्था.

सक्तीची कल्पनाहि नवी नाहीं. १८८४ सालच्या आरंभीं पॅरिस शहरांत यूजेन पूबेल नामक अधिकाऱ्याचा एक हुकूम अंमलांत आला. प्रत्येक घरमालकानें भाडेकऱ्यांसाठीं झांकणाचीं भांडीं ठेवावीं, आणि कुजणारा कचरा, कागद व चिंध्या, तसेंच काच व चिनी मातीचे तुकडे हीं निरनिराळीं ठेवावीं, असा तो हुकूम होता. घरमालक खर्चामुळें रागावले. चिंध्या वेंचून पोट भरणारे गरीब लोक आपली भाकरी जाईल म्हणून घाबरले. तरीहि हुकूम टिकला, आणि आज फ्रेंच भाषेंत कचऱ्याच्या डब्याला त्या अधिकाऱ्याचेंच नांव आहे. आपल्याकडे १८८८ च्या मुंबई महानगरपालिकेच्या कायद्यांत ‘हलालखोर कर’ या नांवाचा एक कर होता. घरोघरचा मैला पालिकेच्या माणसांकरवीं नेण्याचा खर्च त्यांतून भागवावयाचा होता. घरांतील घाण हा केवळ त्या घराचा खाजगी प्रश्न नव्हे, हें तत्त्व त्या काळींच मान्य झालें होतें.

आमच्या नगरपरिषदांना लागू असलेल्या १९६५ च्या कायद्यानें रस्ते झाडणें व घाण काढून नेणें हें नगराचें आवश्यक कर्तव्य ठरविलें आहे. पुढें १९९६ सालीं अलमित्रा पटेल यांनीं सर्वोच्च न्यायालयांत जनहित याचिका दाखल केली. तिच्या ओघांत केंद्र सरकारनें २००० सालीं शहरांतील कचऱ्याविषयीं नियम केले व २०१६ सालीं ते सुधारून नवे केले. २०१६ च्या नियमांनीं दोन्ही पक्षांस कर्तव्यें वांटून दिलीं. नगरानें प्रत्येक घरून, झोंपडपट्टींतूनहि, कचरा गोळा करावा; आणि घरानें तो ओला, सुका व घातक असा वेगळा करून द्यावा, रस्त्यावर टाकूं नये, जाळूं नये, पुरूं नये, आणि उपविधींत ठरेल तें शुल्क द्यावें.

इतकें असूनहि सक्तीविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात ते पोरकट नाहींत. त्यांचा क्रमानें विचार करूं.

पहिला आक्षेप असा, कीं आम्ही घरपट्टी भरतों, मग हें आणखी शुल्क कशासाठीं? हा प्रश्न विचारण्याचा नागरिकांस पूर्ण अधिकार आहे. त्याचें उत्तर नगरानें उघड्या हिशेबानें द्यावें. कचऱ्यासाठीं किती पैसा आला, इंधनाला किती गेला, मजुरीला किती गेला, हें पालिकेच्या फलकावर दर वर्षीं लिहिलें जावें. जेथें हिशेब दिसतो तेथें लोक फारशी कुरकूर करीत नाहींत.

दुसरा आक्षेप गरिबांविषयीं आहे. रोजंदारी करणाऱ्या बाईला महिन्याचे थोडे रुपयेहि जड जातात, हें खरें आहे. म्हणून शुल्क घराच्या आकाराप्रमाणें असावें आणि अगदीं लहान घरांस तें नाममात्र असावें. लॉज, मंगल कार्यालयें, खाणावळी व मोठीं दुकानें यांनीं अधिक द्यावें. तुळजापुरास नवरात्रांत लाखों भाविक येतात. त्यांच्या मागें उरणाऱ्या फुलांचा, नारळांच्या शेंड्यांचा व पाण्याच्या बाटल्यांचा भार तेथील गरीब रहिवाशानें कां वाहावा? पण गरिबांच्या नांवानें व्यवस्थाच नको म्हणणें योग्य नाहीं. न उचललेला ढीग बंगल्यापुढें क्वचितच सांचतो. तो वस्तीच्या तोंडाशीं सांचतो, आणि तेथलींच मुलें तापानें आजारी पडतात.

तिसरा आक्षेप विचारी मनुष्याचा आहे. तो म्हणतो, ‘माझ्या परसांत खताचा खड्डा आहे, मी ओला कचरा बाहेर देतच नाहीं. मला सक्ती कां?’ अशा गृहस्थाचें अभिनंदनच केलें पाहिजे व त्याला शुल्कांत सूट दिली पाहिजे. परंतु पूर्ण मोकळीक त्यालाहि देतां येत नाहीं. कारण खताच्या खड्ड्यांत काच कुजत नाहीं, सेल कुजत नाहीं, आणि औषधाचें पाकीटहि कुजत नाहीं. तें त्याला कोणाच्या तरी हातीं द्यावेंच लागतें.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. सक्तीनें मन बदलत नाहीं. लोकांस समजावून सांगावें म्हणजे ते आपण होऊन कचरा देतील, असें कित्येक सज्जन म्हणतात. गाडगे महाराजांनीं हातीं खराटा घेऊन गांवेंच्या गांवें झाडलीं तीं कोणत्या कायद्यानें? समजावणीचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. शिक्षकाचा तर तोच व्यवसाय आहे. परंतु येथें पुन्हां गणित पाहूं. पांच माणसांचें एक घर धरलें तर धाराशिवांत सुमारें २२,३६५ घरें होतात. प्रत्येकानें रोज एक रुपया दिला, तर तीस दिवसांच्या महिन्यांत सुमारें ६ लाख ७१ हजार रुपये जमतात. आतां समजा, निम्म्या घरांनीं नकार दिला. गाडीला गल्ल्या तितक्याच फिराव्या लागतील. खर्च फारसा कमी होणार नाहीं, उत्पन्न मात्र अर्धें होईल. मग देणाऱ्यांवरचा भार दुप्पट होईल, त्यांतलेहि कांहीं अंग काढून घेतील, आणि शेवटीं गाडी बंद पडेल. शिवाय न देणाऱ्याचा कचरा हवेंत विरून जात नाहीं. तो देणाऱ्याच्याच दारासमोरच्या नालींत येतो. ‘बारभाईची शेती, काय लागेल हातीं’ म्हणतात तें हेंच. दहांतील नऊ घरें जागरूक असलीं तरी दहावें घर सर्वांचें पाणी नासवूं शकतें. म्हणून या एका बाबतींत केवळ समजावणी पुरी पडत नाहीं.

येथवर आम्ही घर व नगर यांचाच विचार केला. तिसरा एक पक्ष आहे, आणि त्याची आठवण वादांत बहुधा कोणास होत नाहीं. तो म्हणजे कचरा हातानें उचलणारा मनुष्य. आपल्या देशांत हें काम पिढ्यान्‌पिढ्या ठराविक जातींच्या माथीं मारलें गेलें. हातानें मैला वाहून नेण्यास बंदी करणारा कायदा १९९३ सालीं व त्याहून कडक कायदा २०१३ सालीं करावा लागला, हीच गोष्ट पुरेशी बोलकी आहे. फुटलेली काच, वापरलेली सुई व खरकटें आपण एकाच पिशवींत बांधतों, तेव्हां ती पिशवी सोडणाऱ्या हाताचा आपण विचार केलेला नसतो.

या बाबतींत पुण्याचें उदाहरण अभ्यासण्याजोगें आहे. तेथें १९९३ सालीं डॉ. बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखालीं ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. रस्त्यावरचा कचरा वेंचणाऱ्या स्त्रियांस कामगार म्हणून ओळख मिळावी, हा तिचा आग्रह होता. पुढें महापालिकेनें त्यांच्या ओळखपत्रांस मान्यता दिली. २००८ सालीं त्याच कष्टकऱ्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेशीं करार करून घरोघर कचरा गोळा करूं लागली. प्रत्येक घर त्यांना ठरलेलें शुल्क देतें आणि सुका माल विकून आलेला पैसाहि त्यांनाच मिळतो. पॅरिसमधील चिंध्या वेंचणाऱ्यांस जी भीति वाटली होती, तिला हें एक चांगलें उत्तर आहे. परंतु ज्या घरीं शुल्क नाकारलें जातें, तेथें नुकसान पालिकेचें होत नाहीं. त्या बाईची मजुरी बुडते. सक्तीच्या बाजूनें याहून मोठें कारण आम्हांस सुचत नाहीं. आणि त्याच पुण्याचा न वेगळा केलेला कचरा वर्षानुवर्षें उरुळी देवाची व फुरसुंगी या गांवांच्या हद्दींत टाकला गेला, तेव्हां तेथील ग्रामस्थांना गाड्या अडवून आंदोलनें करावीं लागलीं. नुसती गाडी आली म्हणजे काम संपलें असें नव्हे. गाडी कोठें जाते तेंहि पाहिलें पाहिजे.

लहान नगरांना हें जमणार नाहीं, असें मात्र कोणी म्हणूं नये. सिंधुदुर्गांतील वेंगुर्ल्यानें वेगळा केलेला कचरा घेऊन आपल्या कचरा-डेपोचें रूप असें पालटलें, कीं लोक तो पाहावयास जाऊं लागले. २०२० सालच्या स्वच्छ सर्वेक्षणांत एक लाखाहून कमी वस्तीच्या शहरांत पहिलीं तीन स्थानें कराड, सासवड व लोणावळा या आपल्याच राज्यांतील नगरांनीं मिळविलीं. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, भूम, परंडा, नळदुर्ग व मुरूम या आमच्या नगरांस तें अशक्य कां असावें?

तात्पर्य, आमचें मत असें आहे, कीं घरोघरच्या कचऱ्याची व्यवस्था सक्तीची असावी. परंतु सक्ती आधीं नगरावर असावी, नंतर घरावर. गाडी ठरल्या वेळीं, ठरल्या दिवशीं यावी. जुन्या वस्तींतील अरुंद बोळांत जेथें मोटार शिरत नाहीं तेथें हातगाडी यावी. उचलणाऱ्यांस हातमोजे, बूट व पुरेसें वेतन मिळावें. वेगळा दिलेला कचरा पुढें एकत्र ओतला जाऊं नये. एवढें झाल्यावर जो घरमालक पिशवी नालींत टाकील त्याला दंड करण्यास नगरानें कचरूं नये. जेथें गाडीच येत नाहीं तेथें मात्र दंड करण्याचा नैतिक अधिकार नगरास पोंचत नाहीं.

विद्यार्थ्यांसाठीं अभ्यास

१. आपल्या घरचा ओला व सुका कचरा सात दिवस निरनिराळा वजन करून वहींत लिहा. माणशीं रोजचा किती पडतो तें काढा व आम्ही धरलेल्या पाव किलोशीं ताडून पाहा.

२. त्याच सात दिवसांत आपल्या गल्लींत घंटागाडी किती वेळां आली त्याची नोंद ठेवा. ती कोठें रिकामी होते, हें वडील मंडळींस विचारा.

३. ‘स्वतःच्या घरीं खत करणाऱ्यास शुल्कांत किती सूट असावी?’ या प्रश्नावर दोन्ही बाजूंनीं प्रत्येकी दहा ओळी लिहा.

४. आपल्या गल्लींतील कचरा नेणाऱ्या व्यक्तीचें नांव काय, हें तिलाच आदरानें विचारा, आणि घरीं आईवडिलांस सांगा.

पालकांस आमची विनंति इतकीच, कीं मुलें तागडी घेऊन केराच्या बादलीपाशीं बसलीं तर त्यांस रागावूं नये. आणि शक्य तर दुसरी बादली त्याच आठवड्यांत आणावी.