आधी जेट बघायला सांगा

तमिळनाडूतल्या पापनाशमला राहायला आलो तेव्हा तिथल्या मेकॅनिकला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "ही शेगडी पुण्याहून आणलीय, तिथे आमच्याकडे पाइप गॅस होता." शेजारच्या रायर आजींनी तेच त्याला तमिळमध्ये पुन्हा सांगितलं. आजींचं मराठी तंजावरी वळणाचं असलं तरी तमिळ त्यांच्या घरचंच, त्यामुळे त्याला कळलं नाही असं म्हणायला जागा नाही. त्याने मान हलवली, "परवायिल्लै मा" (असू दे हो) म्हणाला आणि बर्नर काढून घासायला बसला. दुखणं नेमकं त्या एका वाक्यात होतं, आणि तेवढं एकच वाक्य त्याने कानाआड केलं.

तिन्ही बर्नरच्या ज्योती पिवळ्या आणि लांबलचक होत्या, टोकाला धूर सुटत होता. भाताच्या पातेल्याचं बूड एका वेळेतच काळं पडायचं. दार लावून स्वयंपाक केला की डोळे चुरचुरायचे, डोकं जड व्हायचं. सिलिंडर भराभर संपत होता ते वेगळंच.

बर्नर घासून काही फरक पडला नाही, तेव्हा तो म्हणाला सिलिंडरमध्ये घाण आहे. मग म्हणाला पाइप खराब आहे. अहो, कनेक्शनच नवं! एजन्सीने दिलेली नारिंगी सुरक्षा होज, तिच्यावर तारीख छापलेली. ती पाच वर्षांनी बदलायची असते, आमची तर नुकतीच बसवलेली. तरी मी घरात नसताना त्याने ह्यांच्याकडून पाइपचे पैसे घेतले. पुढच्या खेपेला पिशवीतून रेग्युलेटर काढला. तिथे मात्र मी त्याला थांबवलं. रेग्युलेटर गॅस एजन्सीकडूनच घ्यायचा. बाजारातला स्वस्त रेग्युलेटर कोणीही, कितीही आग्रहाने दिला तरी सिलिंडरला लावू देऊ नका.

मी त्याला अगदी साधी गोष्ट सुचवली होती. आजींची शेगडी आमच्या सिलिंडरवर लावून बघ. ज्योत निळी आली तर सिलिंडर, रेग्युलेटर, गॅस सगळं निर्दोष, दोष शेगडीत. पिवळी आली तर उलट. ह्याला किती वेळ लागणार होता? पण त्याने ऐकलं नाही. मला हसून आजींकडे बघत काहीतरी बोलला. आजींनी ते मला सांगितलं नाही, पण त्यांचा चेहरा उतरला होता. पैशांपेक्षा मला ते हसणं जास्त लागलं, अजूनही आठवलं की संताप होतो. रोज त्या शेगडीपुढे उभी राहणारी बाई काय बघते, हे विचारण्याची त्याला गरजच वाटली नाही. शेवटी निकाल दिला, शेगडी जुनी झाली, टाकून द्या, माझ्या दुकानात नवी आहे.

ह्यांची तयारी झाली होती. मी नाही म्हटलं. पुण्यात निघायच्या दिवशी सकाळी ह्याच शेगडीवर निळ्या ज्योतीवर चहा केला होता. पापनाशमला येईपर्यंत ती म्हातारी कशी होईल?

शेगडी गोणपाटात बांधून आम्ही कुंभकोणमला नेली. तिथे बाजारात एक वयस्कर कारागीर स्टोव्ह आणि शेगड्या दुरुस्त करतात. त्यांनी पाना हातात घ्यायच्या आधी विचारलं, "ही कुठून आणली?" पुणं म्हटल्यावर पुढचा प्रश्न, "पाइप गॅस?" मी हो म्हटलं. त्यांनी नॉबच्या मागचा पितळी जेट काढला, उजेडाकडे धरला आणि माझ्या हातात दिला. शेजारी सिलिंडरच्या शेगडीचा नवा जेट ठेवला. दोन्हींच्या भोकांतला फरक चष्मा न लावताही दिसत होता. त्या क्षणी मला रडूच आलं. पहिल्या दिवसापासून मी हेच सांगत होते.

आता कारण सांगते, कारण ते माहीत असलं की कोणी फसवू शकत नाही. पाइपमधून येतो तो नैसर्गिक वायू, मुख्यतः मिथेन. सिलिंडरमध्ये असतात प्रोपेन आणि ब्युटेन. तितक्याच आकारमानाच्या नैसर्गिक वायूपेक्षा सिलिंडरच्या गॅसमध्ये अडीच ते तीन पट उष्णता असते. म्हणून पाइप गॅस घेताना जेटचं भोक मोठं करतात किंवा मोठ्या भोकाचा जेट बसवतात. आमच्याकडेही पुण्यात तसं केलं होतं, आणि ते योग्यच होतं. पण तीच शेगडी सिलिंडरला जोडली की मोठ्या भोकातून हा जड गॅस भसाभसा येतो. शिवाय घरात पाइप गॅसचा दाब साधारण 21 मिलिबार, तर सिलिंडरच्या रेग्युलेटरचा 30 च्या आसपास, म्हणजे जोरही जास्त. मिथेनच्या एका भागाला पुरतं जळायला सुमारे 10 भाग हवा लागते, प्रोपेनला 24, ब्युटेनला 31. एवढी हवा ती शेगडी कुठून ओढणार? अर्धवट जळलेल्या गॅसची काजळी पातेल्याला बसते आणि कार्बन मोनॉक्साइड खोलीत साचतो.

ह्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गळती कळावी म्हणून सिलिंडरच्या गॅसमध्ये उग्र वासाचं मर्कॅप्टन मिसळतात, पण हा नाकाला कळत नाही. "वास येत नाही ना, मग कसली भीती" असं त्या पहिल्या मेकॅनिकने मला दोनदा ऐकवलं होतं. स्वयंपाक करताना डोकं दुखतं आणि बाहेर आलं की बरं वाटतं, असं होत असेल तर पित्त समजून गोळी घेऊ नका. शेगडी बंद करा, खिडक्या उघडा.

मेकॅनिक येण्याआधी एवढं स्वतः बघून ठेवा. एकच बर्नर पिवळा जळत असेल तर त्याच बर्नरमध्ये किंवा त्याच्या नळीत कचरा, जाळं, उतू गेलेलं दूध अडकलेलं असतं, साफ केलं की भागतं. सगळे बर्नर एकदम बिघडले असतील तर बर्नर घासून उपयोग नाही. तेव्हा गॅस, दाब किंवा जेट बघायचा. मिठाचं पाणी उडून ज्योत क्षणभर नारिंगी झाली तर घाबरू नका, भांड्याला काजळी धरते का ते बघा. लहान आणि मोठ्या बर्नरचे जेट वेगळे असतात, काढले तर अदलाबदल होऊ देऊ नका. काही जण मोठं झालेलं भोक हातोडीने ठोकून बारीक करतात. ते अजिबात करू देऊ नका, नवाच जेट मागा. आम्हाला तिन्ही जेट शंभर रुपयांच्या आत पडले.

बाकीचं सगळ्यांना ठाऊक असतं, तरी लिहिते. गळती साबणाच्या पाण्याने तपासावी, काडी ओढून नाही. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करून 1906 ला फोन करावा. शेगडी एजन्सीकडूनच घ्या अशी सक्ती कोणी करू शकत नाही. गॅस गिझरलाही हाच नियम, एका गॅसचा गिझर दुसऱ्याला जोडू नये, आणि तो बाथरूमच्या आत तर बसवूच नये.

त्या पहिल्या मेकॅनिकला मी नंतर तो जेट नेऊन दाखवला. त्याने बघितलाही नाही. पाइपचे पैसे परत मागितले तर शेगडी जुनीच आहे म्हणाला. आज ती जुनी शेगडी पालैवननाथर देवळामागच्या आमच्या घरात निळी जळतेय.

पुणं, मुंबई, नाशिक, जिथे कुठे तुमच्याकडे पाइप गॅस असेल आणि बदलीमुळे सिलिंडरच्या गावी जायची वेळ आली, तर शेगडी ट्रकमध्ये चढवायच्या आधी तिचे जेट बदलून घ्या. ते राहून गेलं तर नव्या गावी शेगडी जोडायला येणाऱ्या माणसाला जेट तुमच्यासमोर काढायला लावा, आणि तो काढून दाखवेपर्यंत त्याला एक रुपयाही देऊ नका.