बॉटांचा लोंढा आणि बंद राहिलेलं दार

रविवारी रात्री साडेनऊच्या सुमाराला आयआरसी या मजकुरी चॅट-व्यवस्थेवरच्या एका चॅनलवर आठ-दहा जण जमले होते. मुक्त सॉफ्टवेअरचं मराठीकरण करणारी ही मंडळी. ‘अनडू’ला ‘पूर्ववत करा’ म्हणायचं की ‘मागे घ्या’, यावर वाद रंगात आला होता. तेवढ्यात अनोळखी नावं भराभर आत शिरू लागली. प्रत्येकाची एकच ओळ, तीच शिवीगाळ आणि तीच लिंक. ती टाकून एक जातोय तोवर दुसरा हजर. मिनिटभरात ‘पूर्ववत’ पडद्यावरून कुठल्या कुठे वर सरकलं.

चॅनलची राखण तेव्हा प्रस्तुत लेखकाकडे होती. त्याने पहिल्यांदा केलं ते बहुतेक नवे ऑपरेटर करतात तेच: दिसेल त्या नावाला बॅन. आयआरसीवर माणसाची ओळख तीन तुकड्यांची असते. निक (टोपणनाव), वापरकर्त्याचं नाव आणि होस्ट (जिथून जोडलाय तो पत्ता). त्यातला निक तर बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, दर वेळी नवा घेऊन येतो. वीस नावांवर बंदी घातली, एकविसावं आत आलं. बॅनची यादी मात्र फुगत गेली, आणि त्या यादीलाही मर्यादा असते.

मग त्याने होस्टकडे मोर्चा वळवला. दोन बॉट एकाच इंटरनेट कंपनीच्या पत्त्यावरून आलेले दिसले, म्हणून तारांकन टाकून त्या कंपनीचा सगळा पट्टाच बंद केला. गटातल्या निम्म्या लोकांकडे त्याच कंपनीचं कनेक्शन होतं. आपल्याकडे मोबाइल इंटरनेटवर एकाच आयपी पत्त्यामागे अनेक ग्राहक असतात, त्यामुळे नेमका एक पत्ता बंद केला तरी शेजारचे निरपराध अडकू शकतात. इथे तर अख्खा पट्टा होता. बॉट दुसरीकडून येतच राहिले.

शेवटी चॅनलला ‘+एम’ हा मोड लावला. या मोडमध्ये ऑपरेटर आणि ज्यांना ‘व्हॉइस’ दिलाय तेवढेच बोलू शकतात. लोंढा थांबला. रोजच्या मंडळींना व्हॉइस दिला, चर्चा पुढे सरकली आणि तो मोड काढायचा राहून गेला. अकरा दिवस.

त्या अकरा दिवसांत जळगावची एक विद्यार्थिनी दोनदा येऊन गेली. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्य’ एका प्रोग्रॅममध्ये तुटका दिसतो, एवढंच तिला सांगायचं होतं. चॅनलवर संदेश जाऊ शकत नाही, अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ तिच्या पडद्यावर आली. आपणच काहीतरी चुकतोय असं समजून ती निघून गेली. हे कळलं ते पुढे तिच्या ईमेलमधून. बॉटांनी एक संध्याकाळ नासवली होती. हे नुकसान ऑपरेटरने केलेलं होतं, आणि ते जास्त लागलं.

लोंढ्याचा हा त्रास आयआरसीइतकाच जुना म्हणावा लागेल. फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी १९८८मध्ये आयआरसी लिहिलं. १९९३च्या मे महिन्यात त्याचे नियम आरएफसी १४५९ म्हणून प्रसिद्ध झाले, त्यातच उपाय सुचवलेला आहे: प्रत्येक संदेशामागे दोन सेकंदांचा दंड, आणि दंडाचं घड्याळ दहा सेकंद पुढे गेलं की सर्व्हर त्या माणसाला थांबवून ठेवतो. म्हणजे एका दमात साधारण पाच ओळी. एकट्या गोंधळ्याला हे पुरतं. पण पन्नास बॉट एकदम आले, तर कुणालाही लगाम लागण्याआधी अडीचशे ओळी पडलेल्या असतात. ऑगस्ट २०१८मध्ये फ्रीनोड या तेव्हाच्या मोठ्या नेटवर्कवर स्पॅमची अशीच लाट आली, तेव्हा अनेक चॅनलांनी नोंदणी नसलेल्यांना आत येणंच बंद केलं. थेट प्रक्षेपणाच्या ट्विच या मंचावर २०२१मध्ये द्वेषाचे लोंढे पाठवले गेले, तेव्हा १ सप्टेंबरला कित्येकांनी दिवसभर प्रक्षेपण बंद ठेवून निषेध केला. त्याच महिन्याच्या अखेरीस तिथे फोन किंवा ईमेल पडताळल्याशिवाय चॅटमध्ये बोलू न देण्याची सोय आली.

आज कुणी चॅनल सांभाळत असेल, तर नावांच्या मागे धावू नये. लिबेराचॅटसारख्या नेटवर्कवर ‘+जे’ मोड आहे; दहा सेकंदांत पाचच जण आत येतील, असं त्यात ठरवता येतं. बिननोंदणीच्या लोकांना आत येऊ द्यायचं पण बोलू द्यायचं नाही, अशीही सोय आहे. हा उपाय सरसकट दार लावण्यापेक्षा कधीही बरा, कारण नवखा माणूस निदान चर्चा वाचू शकतो.

आणि ‘+झेड’ विसरू नये. प्रस्तुत लेखकाला त्या रात्री हा मोड ठाऊक नव्हता. तो सुरू असला की ‘+एम’मुळे अडलेला संदेश वाया जात नाही, फक्त ऑपरेटरांना दिसतो. बॉटांचा कचराही दिसतो खरा, पण त्याच गर्दीत ‘ऱ्य तुटतोय’ ही ओळ सापडली असती, आणि त्या विद्यार्थिनीला लगेच व्हॉइस देता आला असता.

होस्टवर बंदी घालावीच लागली, तर एका पत्त्यापुरती घालावी आणि तिला मुदत लावावी. चॅनल सांभाळणाऱ्या चॅनसर्व्ह या सेवेच्या ‘अकिक’ (आपोआप बाहेर काढण्याच्या) यादीत तशी सोय आहे. मोडला मात्र अशी मुदत सगळीकडे लावता येत नाही. म्हणून ‘+एम’ लावतानाच फोनवर दोन तासांनंतरचा गजर लावायचा, आणि आणखी एका ऑपरेटरला कळवून ठेवायचं.

चॅनलचा विषय आत येणाऱ्या प्रत्येकाला दिसतो. आता लोंढा आला की हा गट त्या जागी मराठीत लिहितो: ‘बॉटांच्या त्रासामुळे बोलणं तात्पुरतं बंद आहे, रात्री बारा वाजता सुरू होईल. घाई असेल तर ऑपरेटरला खासगी संदेश पाठवा.’ शेवटी त्या वेळी जागं असणाऱ्या ऑपरेटरचा निक असतो.