हिरव्या वर्तुळांपासून सावध

लँडस्केप आर्किटेक्चर शिकायचंय म्हणणाऱ्या मुलांना मी आधी विचारते : घराजवळची दहा झाडं नावानं ओळखता येतात का? बहुतेकांची गाडी गुलमोहरापाशी अडते, आणि तोही मूळचा मादागास्करचा!

आपल्याकडे हा विषय बहुधा बी.आर्क.ची पाच वर्षं संपल्यावर दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात भेटतो. दिल्लीचं एसपीए, अहमदाबादचं सेप्ट, पुण्याचं भानुबेन नानावटी महाविद्यालय ही त्यातली परिचित नावं. तोवर एक खोड हाताला लागलेली असते. आराखड्यात जागा उरली की हिरवं वर्तुळ काढायचं. वड आणि बहावा, दोघेही एकाच मापाचे. रेंडरिंग देखणं असलं की ज्यूरीतही ते खपून जातं.

साइटवर मात्र खपत नाही. मी उमेदवारी करत होते तिथे एका संकुलाच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवर, बाग करायची होती. माहितीपत्रकात गर्द सावली, प्रत्यक्षात माती दीड फूट. भिजलेली माती घनमीटरला दोन टनांच्या आसपास भरते आणि स्लॅबचं गणित झाडं ठरण्याआधीच होऊन गेलेलं. लॉनचं फूटभर मातीत भागतं. मोठ्या झाडाला तीन-चार फूट तरी हवी. वळवाच्या वाऱ्यात काही झाडं मुळांसकट आडवी झाली. निचऱ्याच्या जाळ्या गाळानं तुंबल्या, पाणी खाली गाड्यांवर ठिबकू लागलं. बोलणी खाल्ली माळीकाकांनी. ‘एवढ्या मातीत झाड तगणार नाही’ हे लावणीच्या दिवशी सांगणारे तेवढेच होते. पण मीटिंगला माळ्याला कोण बोलावतं?

म्हणून कॉलेज निवडताना स्टुडिओचा झगमगाट बघू नका. वनस्पती आणि माती कोण शिकवतं, रोपवाटिकेत हात मळवायला लावतात का, हे तिथल्या मुलांना गाठून विचारा. अभ्यासाची साइट मे महिन्यात पाहा आणि जुलैत पुन्हा पाहा. पाणी कुठून वाहतं, कुठे साचतं, हे कंटूरच्या नकाशापेक्षा भिजलेल्या चपला लवकर शिकवतात. पुण्याच्या टेकड्यांवर ग्लिरिसिडियाच्या दाटीतून चाला, मग शेजारच्या उघड्या गवताळ उतारावर या. दुरून पहिली टेकडी जास्त हिरवी दिसते, पण फुलं-किडे-पक्षी कुठे जास्त भेटतात ते मोजा. इयन मॅकहार्गचं ‘डिझाइन विथ नेचर’ (१९६९) जरूर वाचा. उतार, माती, पाणी, झाडोरा असे थर एकावर एक ठेवून जमीन वाचायची त्याची रीत आता जीआयएसमध्ये चुटकीसरशी होते, तरी एकदा स्वतःच्या गावासाठी ट्रेसिंग पेपरवर करून बघाच.

बी.आर्क. न करता या वाटेला येणाऱ्यांनी आणखी एक तपासावं. १९७२ चा कायदा ‘आर्किटेक्ट’ या बिरुदापुरता आहे. लँडस्केप आर्किटेक्टची स्वतंत्र वैधानिक नोंदणी आपल्याकडे नाही. त्या पदवीवर कुठली कामं, कुठल्या निविदा भरता येतील, हे फी भरण्याआधी विचारून घ्या.