वर्णपटाचे वाचन : हीलियमचा दाखला

‘वर्ण’ या शब्दाने रंगाचा बोध होतो, तसाच अक्षराचाही. त्यामुळे ‘वर्णपट’ ही संज्ञा रासायनिक विश्लेषणाच्या संदर्भात विशेष अन्वर्थक ठरते. तप्त वायुरूप अवस्थेतील प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक तरंगलांबीच्या प्रकाशरेषा देते. त्या वाचून पदार्थाचे घटक ओळखता येतात. बुन्सेन व किर्खहोफ यांनी हायडेलबर्ग येथे ही पद्धती प्रस्थापित केली आणि तिच्याच साहाय्याने १८६० मध्ये सीझियम व १८६१ मध्ये रुबिडियम ही मूलद्रव्ये शोधून काढली.

तथापि रेषा दिसणे आणि तिचा अर्थ निश्चित होणे या भिन्न गोष्टी होत. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात पिएर झांसेन यांनी गुंटूर येथून सूर्याच्या ज्वालांतील तेजस्वी रेषा पाहिल्या. त्या ग्रहणाविनाही दिसतात, हे त्यांनी दुसऱ्याच दिवशी दाखवून दिले. २० ऑक्टोबर रोजी नॉर्मन लॉकियर यांनी इंग्लंडमध्ये स्वतंत्रपणे तेच साधले. त्यांतील पिवळी रेषा प्रथमदर्शनी सोडियमची वाटण्याजोगी होती. परंतु सोडियमच्या रेषा ५८९.० व ५८९.६ नॅनोमीटरवर असतात, तर ही ५८७.६ वर होती. एवढ्याशा पाठभेदावरून लॉकियर यांनी नव्या मूलद्रव्याचे अनुमान केले. सूर्यवाचक ग्रीक शब्दावरून त्यास ‘हीलियम’ हे नाव मिळाले. पण पृथ्वीवर त्याचा नमुना नसल्याने अनेक रसायनज्ञ साशंक राहिले. अखेर १८९५ मध्ये लंडन येथे विल्यम रॅम्झी यांना क्लीव्हाइट या खनिजापासून मिळालेल्या वायूत तीच रेषा आढळली. सत्तावीस वर्षांनी नावाला द्रव्याचा आधार लाभला.

कोकणातील विजयदुर्ग किल्ल्यावरील एका कट्ट्याशी लॉकियर यांचे नाव निगडित आहे. तेथूनच त्यांनी हीलियम शोधला, अशी स्थानिक समजूत आहे. परंतु त्यांचे निर्णायक निरीक्षण इंग्लंडमधील होते आणि त्यासाठी ग्रहणाची आवश्यकताच नव्हती. ही समजूत आत्मीयतेतून आलेली असली, तरी तिला हीलियमला लावली गेली तीच कसोटी लावणे न्याय्य होय. पाण्यातील शिसे वा आर्सेनिक मोजताना आजही अज्ञात नमुन्याचे वाचन ज्ञात प्रमाणाशी ताडूनच स्वीकारले जाते. हस्तलिखितांच्या पाठनिश्चितीत निष्णात असलेल्या अभ्यासकाला ही शिस्त परकी वाटू नये.