भाताच्या खाचरातील वायू आणि दोन देशांमधील करार

भाताच्या खाचरात पाणी किती दिवस उभे ठेवावयाचे, हा प्रश्न शेतकरी आजवर आपल्या अनुभवाने सोडवीत आला आहे. अलीकडे ह्या साध्या प्रश्नाला एक नवे महत्त्व आले आहे. २०२२ च्या नोव्हेंबर महिन्यात पश्चिम आफ्रिकेतील घाना आणि युरोपातील स्वित्झर्लंड ह्या दोन देशांनी मिळून भातशेतीच्या एका प्रकल्पाला मान्यता दिली. घानातील शेतकऱ्यांनी खाचरातील पाण्याची व्यवस्था बदलून हवेत जाणारा वायू कमी करावयाचा आणि त्या घटीबद्दल स्वित्झर्लंडने मोबदला द्यावयाचा, असा हा व्यवहार आहे. भारतानेही अशा व्यवहारांच्या दिशेने पाऊल टाकले आहे. म्हणून ह्यात शेतकऱ्याचा लाभ कोठे आहे व सावध कोठे राहावयाचे, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

खाचरात वायू कसा तयार होतो

गोबरगॅसच्या टाकीत शेण व पाणी बंद ठेवले म्हणजे हवेविना वाढणारे सूक्ष्म जीव ते कुजवितात आणि जळणारा वायू निघतो. ह्या वायूतील मुख्य भाग मिथेन होय. पाण्याने भरलेल्या खाचरातही हेच घडते. चिखलणीनंतर सतत पाणी साचून राहिले म्हणजे मातीतील हवा निघून जाते. मागील पिकाची धसकटे, पेंढा व न कुजलेले शेणखत त्या चिखलात हवेविना कुजू लागते व मिथेन तयार होतो. त्याचा बराचसा भाग भाताच्या रोपातील पोकळ्यांमधूनच वर चढून हवेत मिसळतो.

गोबरगॅसच्या टाकीतील मिथेन चुलीखाली उपयोगी पडतो. खाचरातील मात्र वाया जातो आणि शिवाय अपाय करतो. पृथ्वीभोवतीच्या हवेत काही वायू घोंगडीसारखे काम करतात व उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. कोळसा व खनिज तेल जाळल्याने निघणारा कार्बन डायऑक्साइड हा त्यांतील प्रमुख. शंभर वर्षांचा हिशेब धरल्यास एक किलोग्रॅम मिथेन हा सुमारे २८ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवितो. त्यामुळे भातशेतीतील मिथेन कमी करणे हे जगाच्या दृष्टीने मोलाचे ठरते.

पाणी आलटून पालटून देण्याची पद्धत

खाचरात सतत पाणी न ठेवता ते मधून मधून जिरू द्यावे, म्हणजे मातीत हवा शिरते आणि मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्म जीवांचे काम थांबते. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ह्यासाठी एक सोपे साधन प्रचारात आणले आहे. त्याची रीत पुढीलप्रमाणे आहे.

१. सुमारे ३० सेंटिमीटर लांबीची व १० ते १५ सेंटिमीटर व्यासाची प्लॅस्टिकची किंवा बांबूची नळी घ्यावी. तिच्या खालच्या भागास सर्व बाजूंनी भोके पाडावीत.

२. नळी अर्धी जमिनीत व अर्धी वर राहील अशी ठोकून बसवावी आणि आतील माती काढून टाकावी. नळीतील पाण्याची पातळी म्हणजेच खाचरातील जमिनीखालच्या पाण्याची पातळी होय.

३. लावणीनंतर एक ते दोन आठवड्यांनी ही पद्धत सुरू करावी. तण फार असल्यास आणखी दोन ते तीन आठवडे थांबावे, कारण उभे पाणी तण दाबून धरते.

४. पाणी जमिनीच्या पृष्ठभागाखाली १५ सेंटिमीटरपर्यंत उतरले म्हणजे खाचरात पुन्हा ५ सेंटिमीटर पाणी भरावे. ह्यापेक्षा खाली मात्र पातळी जाऊ देऊ नये.

५. पीक फुलोऱ्यावर येण्याच्या एक आठवडा आधीपासून एक आठवडा नंतरपर्यंत खाचरात ५ सेंटिमीटर पाणी राखावे. ह्या काळात पाण्याचा ताण पडल्यास लोंब्यांत पळिंज राहतात व उत्पन्न घटते.

६. नत्रयुक्त खत शक्यतो पाणी उतरलेले असताना, भरणी करण्याच्या लगेच आधी द्यावे.

ही रीत काळजीपूर्वक पाळल्यास उत्पन्न न घटता पाण्यात ३० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते आणि मिथेनचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येते. एक हेक्टर खाचरात ५ सेंटिमीटर पाणी भरावयाचे म्हणजे ५ लाख लिटर पाणी लागते. अशी एक भरणी वाचली तरी पंपाची वीज किंवा तेल किती वाचेल, ह्याचा अंदाज शेतकऱ्याला सहज करता येईल.

दोन देश करार का करतात

डिसेंबर २०१५ मध्ये पॅरिस येथे जगातील बहुतेक सर्व देशांनी हवामानाविषयी करार केला. प्रत्येक देशाने वायू किती घटवावयाचे ह्याचे उद्दिष्ट स्वतः ठरवावे आणि त्याचा हिशेब द्यावा, असे त्यात ठरले. एका देशात झालेली घट दुसऱ्या देशास आपल्या उद्दिष्टासाठी विकत घेता येईल, अशी तरतूद ह्या कराराच्या सहाव्या कलमात आहे. तिचे तपशीलवार नियम २०२१ मध्ये ग्लासगो येथे ठरले.

स्वित्झर्लंडने १९९० च्या तुलनेत २०३० पर्यंत आपले वायू निम्म्यावर आणण्याचे ठरविले आहे. त्या देशाची वीज मुख्यतः जलविद्युत् व अणुशक्ती ह्यांपासून मिळते. तेव्हा घट करावयाची ती मोटारी, घरे तापविण्याची व्यवस्था व कारखाने ह्यांत, आणि ते काम खर्चाचे आहे. म्हणून उद्दिष्टाचा काही भाग परदेशातील कामांतून पुरा करण्याचे धोरण त्या देशाने स्वीकारले. ऑक्टोबर २०२० मध्ये पेरूशी व नोव्हेंबर २०२० मध्ये घानाशी त्याने करार केले. घानाची बाजू निराळी आहे. त्या देशाला आपल्या गरजेचा बराचसा तांदूळ बाहेरून आणावा लागतो. भातशेती सुधारण्यासाठी शेतकऱ्यांना शिक्षण व साधने हवीत, आणि त्यासाठी पैसा हवा. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने हाती घेतलेल्या वरील भात प्रकल्पात ह्या दोन गरजांची सांगड घातलेली आहे.

असे व्यवहार शेतीपुरते मर्यादित नाहीत. बँकॉक शहरातील विजेवर चालणाऱ्या बसगाड्यांमुळे झालेली १,९१६ टनांची घट थायलंडने स्वित्झर्लंडकडे वर्ग केली. २०२४ च्या जानेवारीत जाहीर झालेला हा अशा प्रकारचा पहिलाच व्यवहार होय.

एक टन, एकच नोंद

ह्या व्यवहाराचा कणा म्हणजे नोंद होय. जमीन विकल्यावर फेरफार होतो आणि सात-बारावरील विकणाऱ्याचे नाव कमी होऊन घेणाऱ्याचे लागते. तसे न झाल्यास एकाच जमिनीवर दोघे हक्क सांगतील. वायूच्या घटीचेही असेच आहे. घानाने एक हजार टनांची घट करून ती विकली, तर ते एक हजार टन घानाने आपल्या हिशेबात पुन्हा मिळवावयाचे आणि स्वित्झर्लंडने आपल्या हिशेबातून वजा करावयाचे. दोघांनीही तीच घट आपली म्हणून दाखविली, तर कागदावर दोन हजार टन दिसतील व हवेतून मात्र एकच हजार टन कमी झालेले असतील.

ह्यातून विकणाऱ्या देशाने एक गोष्ट ओळखावयाची असते. विकलेली घट स्वतःच्या उद्दिष्टासाठी पुन्हा उपयोगी पडत नाही. सोपी व स्वस्त कामे सर्वच विकून टाकली, तर पुढे आपले उद्दिष्ट पुरे करण्यास अवघड व महागडी कामेच उरतात.

हिशेब खरा असला पाहिजे

उदाहरणादाखल असे धरू, की एक हेक्टर खाचरातून एका हंगामात १०० किलोग्रॅम मिथेन निघतो आणि नव्या पद्धतीने तो निम्मा होतो. वाचलेल्या ५० किलोग्रॅमला २८ ने गुणल्यास १,४०० किलोग्रॅम, म्हणजे १.४ टन होतात. एक एकरवाल्या शेतकऱ्याच्या वाट्यास अर्ध्या टनाहून थोडे अधिक येतील. शिवाय जमीन वाळून पुन्हा भिजते तेव्हा नत्रखतापासून नायट्रस ऑक्साइड हा दुसरा वायू थोडा वाढतो. तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट प्रभावी असल्याने त्याची वजावट करावी लागते.

एकट्या शेतकऱ्याचा आकडा लहान असल्याने शेकडो शेतकऱ्यांची घट एकत्र करूनच विक्री होते. अशा वेळी शेतावर न जाता कागदावर आकडे भरण्याचा मोह उत्पन्न होतो. जेथे शेतकरी पूर्वीपासूनच मधून मधून पाणी काढीत होते, तेथे नवी घट झाली असे म्हणता येत नाही, तरीही ती दाखविली जाण्याचा संभव असतो. ऑगस्ट २०२४ मध्ये चीनमधील ३७ भात प्रकल्प गुणवत्तेच्या तपासणीत न टिकल्यामुळे एका आंतरराष्ट्रीय नोंदणी संस्थेने नाकारले. ते दोन देशांच्या करारातील नव्हते, खाजगी बाजारातील होते. तथापि त्यांचा धडा दोहोंस सारखाच लागू आहे. खोट्या नोंदीवर कोळसा जाळण्याची मुभा दिली गेली, तर हवेतील वायू कमी न होता वाढतो, आणि त्याचे परिणाम लहरी पावसाच्या रूपाने शेतकऱ्यासच भोगावे लागतात.

भारत व महाराष्ट्र

पॅरिस कराराखालील अशा व्यवहारांसाठी भारत सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये १३ प्रकारच्या कामांची यादी जाहीर केली. तीत साठवणुकीसह अक्षय ऊर्जा, हरित हायड्रोजन, दाबयुक्त जैववायू इत्यादींचा समावेश होता. भातशेती त्या यादीत नव्हती. ऑगस्ट २०२५ मध्ये भारताने जपानबरोबर संयुक्त कार्बन क्रेडिट योजनेच्या सहकार्यपत्रावर सह्या केल्या. जपानने ही योजना २०१३ मध्ये मंगोलियापासून सुरू केली होती. कार्बन क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइडइतक्या घटीचा नोंदविलेला दाखला होय.

महाराष्ट्रात पाण्याची ही पद्धत सर्वत्र सारखी लागू पडणार नाही. कोकणात खरिपात पाऊस इतका असतो, की खाचर वाळविणे शेतकऱ्याच्या हाती राहात नाही. भंडारा व गोंदिया जिल्ह्यांतील उन्हाळी धानाला मात्र विहीर, तलाव किंवा कालव्याचे पाणी दिले जाते. तेथे बांधीवर स्वतःचा पंप असल्यास ही पद्धत आचरता येईल. कालव्याच्या पाळीवर किंवा वरच्या बांधीतून खालच्या बांधीत येणाऱ्या पाण्यावर अवलंबून असणाऱ्यांनी शेजाऱ्यांशी विचारविनिमय करूनच ती हाती घ्यावी. पाणी व इंधन ह्यांची बचत हा लाभ निश्चित आहे. क्रेडिटचा पैसा मिळाला तर तो वरकड समजावा.

सही करण्यापूर्वी

कोणतीही संस्था अशा योजनेचा कागद घेऊन गावात आल्यास कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस पुढील गोष्टी विचारून घेण्यास सांगावे.

१. करार कोणाशी व किती वर्षांचा आहे? त्याची मराठी प्रत मिळेल काय?
२. विक्रीच्या रकमेपैकी शेतकऱ्याचा वाटा किती व तो केव्हा मिळेल?
३. पाण्याची मोजणी कोण करणार व तपासणार कोण?
४. उत्पन्न घटल्यास भरपाई कोण देईल?
५. मध्येच पद्धत सोडावी लागल्यास काही दंड आहे काय?

शेतकऱ्यानेही एका वहीत लावणीची तारीख, पाणी भरल्याचे व उतरल्याचे दिवस, नळीतील पातळी आणि दिलेले खत ह्यांची नोंद ठेवावी. दोन देशांची सरकारे कितीही मोठे करार करोत, त्यांचा पाया ह्या वहीतील खऱ्या नोंदींवरच उभा असतो. ती वही शेतकऱ्याजवळ असली म्हणजे त्याच्या नावावर दुसरा कोणी खोटे आकडे भरू शकत नाही आणि त्याचा हक्काचा वाटाही कोणास नाकारता येत नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. गोबरगॅसची टाकी व पाण्याने भरलेले खाचर ह्यांत कोणते साम्य आहे?
२. फुलोऱ्याच्या काळात खाचर का वाळवू नये?
३. एकच घट दोन देशांनी मोजल्यास कोणाचे नुकसान होते?
४. आपल्या गावातील कोणत्या बांध्यांत पाण्यावर शेतकऱ्याचा पूर्ण ताबा आहे?