परसबागेची भांगलण आणि हातकोळपे



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खते, पाणी आणि खोडवा यांवर लिहीत असतो. या वेळचा विषय उसाचा नाही, घरामागच्या अर्ध्या गुंठ्याचा आहे. गटातील प्लॉट पाहत फिरताना सभासदांच्या घरी चहाला थांबावे लागते आणि नजर आपोआप परसाकडे जाते. उसाचा प्लॉट आरशासारखा स्वच्छ, आणि परसात वांग्याची झाडे तणात शोधावी लागतात, असे चित्र दहांतल्या सहा-सात घरी दिसते. कारण उघड आहे. उसाच्या भांगलणीला मजूर लावतो, परसाला कोणी मजूर लावत नाही. ते काम घरच्या बाईच्या वाट्याला येते, तेही स्वयंपाक, धारा, वैरण उरकून, गुडघे मोडून, खुरपे घेऊन.

आमच्या घरी तरी वेगळे काय होते? आम्ही गावोगाव तणनियंत्रणावर बोलत फिरायचो आणि आमची आई परसात उकिडवी बसून लव्हाळा काढायची. गुडघे धरल्यावर तिला बसणे जमेना. तेव्हा आम्ही शहाणपणा केला. त्याची हकीकत आधी सांगतो, कारण ती चूक आपल्या भागात पुष्कळ घरी होत असणार.

उसातल्या रुंद पानाच्या तणासाठी आम्ही टू-फोर-डी मारले होते. पंप तीन पाण्याने धुतला आणि ठेवून दिला. पुढे पंधरवड्याने परसातल्या वांग्यावर मावा दिसला म्हणून त्याच पंपाने निंबोळी अर्क फवारला. अर्क चांगला, हेतू चांगला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वांग्याचे शेंडे पिळवटले, नवी पाने दोरीसारखी अरुंद झाली, टोमॅटोच्या फांद्या खाली वाकून मुरडल्या. आई म्हणाली, "गावाला शिकवत फिरतोस आणि घरची वांगी मारलीस!" यावर काय बोलणार? सबंध हंगामाची भाजी गेली.

ऊस हे गवत कुळातले पीक असल्याने टू-फोर-डी सहन करतो. वांगी, टोमॅटो, मिरची, भेंडी, घेवडा ही रुंद पानांची पिके ते सहन करीत नाहीत. टोमॅटोला तर अगदी अल्प अंशही बाधतो. हे औषध पंपाच्या नळीत, वॉशरात आणि नोझलमध्ये चिकटून राहते, नुसत्या पाण्याने पुरते निघत नाही. वाऱ्याने उडूनही ते शेजारच्या बागेवर जाते. त्यातल्या त्यात ईथाईल ईस्टर प्रकारच्या औषधाची वाफ उन्हात जास्त पसरते. तेव्हा तणनाशकाचा पंप कायमचा निराळा ठेवावा, त्यावर रंगाने मोठी खूण करावी आणि तो परसात आणूच नये. जिथली भाजी रोज खुडून थेट चुलीवर जाते तिथे तणनाशकाचे कामही नाही.

मग राहिले कोळपे. शेतातले बैलांचे कोळपे सर्वांना माहीत आहे. माणसाने उभ्याने ढकलायचे हातकोळपे आता बऱ्याच गावांत दिसते. काही ठिकाणी त्याला सायकल कोळपे म्हणतात, कारण पुढचे चाक जुन्या सायकलीचे असते. रचना साधी आहे. पुढे एक चाक, मागे जमिनीत चालणारी लोखंडी पास (काही गावांत तिला फास म्हणतात) आणि हातात धरायला दोन मुठींचा दांडा. चाक वजन पेलते आणि खोली राखते, पास मातीच्या खालून तण कापते. दाते बसविलेले कोळपेही मिळते. ते माती उकरून भुसभुशीत करते, पण तण कापायला धारेची सपाट पासच बरी. दोन्ही बदलून बसवता येतील असे घेतले तर उत्तम.

घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे पासेची रुंदी. आम्ही पहिले कोळपे घेतले ते नऊ इंची पासेचे. काम झपाट्याने होईल अशी हाव! दीड फुटावर लावलेल्या भेंडीत ते घातले आणि पहिल्याच ओळीत सात-आठ झाडे मुळासकट आडवी केली. परसबागेला सहा इंची पास पुरे. दुसरी गोष्ट दांड्याची उंची. मूठ कमरेच्या थोडी वर, कोपराच्या खाली यावी. पुरुषाच्या मापाचा दांडा घरच्या बाईच्या छातीला लागतो, मग ते कोळपे आठ दिवसांत भिंतीला टेकते आणि दोष अवजाराला दिला जातो. दांड्याला वर-खाली भोके असलेलेच घ्यावे. तिसरी गोष्ट पोलाद. पास नुसत्या पत्र्याची असेल तर धार टिकत नाही. गावच्या लोहाराकडून ट्रकच्या जुन्या कमानपाट्याची पास करून घ्यावी, ती वर्षानुवर्षे जाते.

पण खरी गोम कोळप्यात नाही, पेरणीत आहे. आपल्याकडे मेथी, कोथिंबीर, माठ वाफ्यात फेकून पेरतात. फेकलेल्या पिकात कोळपे चालणार कुठून? तेव्हा दोन खुंट्या आणि एक सुतळी घ्या आणि परसातही ओळीने पेरा. वांगी, टोमॅटोला दोन ते अडीच फूट, मिरचीला दोन फूट, भेंडी आणि गवारीला दीड फूट अंतर ठेवावे. मेथी-कोथिंबिरीच्या ओळी नऊ इंचांवर घेतल्या तर सहा इंची पास जेमतेम जाते आणि हात थरथरला की पीक कापते. फूटभर अंतर ठेवलेले बरे. ओळी लांब घ्याव्यात, म्हणजे वळण्यात वेळ जात नाही. ओळ सरळ हवी. डोळ्याच्या अंदाजाने टाकलेली ओळ मध्येच सापासारखी वळते आणि तिथेच झाड कापले जाते, हा आमचा स्वतःचा अनुभव.

आता चालवावे कसे? पुष्कळजण पहिल्यांदा छातीचा जोर लावून ते एकसारखे रेटत नेतात, दहा फुटांत दमतात आणि म्हणतात, "साहेब, हे काही खरं न्हाई." ते नांगर नव्हे. सरळ उभे राहावे, एक पाय पुढे टाकून हाताने फूटभर पुढे ढकलावे, थोडे मागे ओढावे, पुन्हा ढकलावे. पुढे-मागे, पुढे-मागे, आणि अंग आपोआप पुढे सरकते. पास इंचभर, फार तर दीड इंच खोल राहिली पाहिजे. तण मुळाशी, पांढऱ्या भागात कापले जाते तेवढे बस्स. जास्त खोल गेले की दम लागतो, पिकाची वरची मुळे तुटतात आणि खालचे तणाचे बी उजेडात येऊन उगवते. पास खाली घुसत असेल तर तिचा कोन कमी करावा, वरून घसरत असेल तर थोडा वाढवावा. नट ढिला करून हे पाच मिनिटांत होते.

दीड फुटाच्या पट्ट्यात सहा इंची पास एका ओळीला धरून न्यावी, दुसऱ्या ओळीला धरून परत आणावी. मधला फूटभर पट्टा साफ होतो, दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच उरतात. ते खुरप्यानेच काढावे लागतात, त्याला इलाज नाही. कोळपे आले म्हणजे खुरपे सुटले असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. सुटते ते दोन-तृतीयांश काम. अर्धा गुंठा म्हणजे साडेसोळा फूट रुंद आणि तेहतीस फूट लांब जागा. दीड फुटाने तीत अकरा ओळी बसतात आणि जाऊन-येऊन सुमारे सातशे फूट चाल होते. आमच्या घरी हे काम पाऊण तासाच्या आत उरकते. पूर्वी त्याला दोन सकाळी लागत.

वेळ साधणे महत्त्वाचे. जमीन वाफशावर असताना कोळपे चालवावे. ओल्या काळ्या रानात पासेला चिखल चिकटतो आणि कापलेले तण पुन्हा जीव धरते. फार वाळल्यावर पास टणाटण उडते. पाणी दिल्यावर किती दिवसांनी वाफसा येतो हे ज्याचे त्याने आपल्या रानावरून ओळखावे, सभासदांना ते सांगणे नलगे. कोळपणी सकाळी उन्हे वर आल्यावर करावी, म्हणजे कापलेले तण दुपारच्या उन्हात वाळते. नंतर निदान दोन दिवस पाणी देऊ नये. ठिबक असेल तर नळी आधी बाजूला उचलून ठेवावी. आम्ही ती दोनदा कापली आहे.

आणि तण लहान असताना! ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी कमीच आहे. तण दोन पानांवर असते तेव्हा कोळपे नुसते फिरवले तरी मरते. वीतभर झाले की त्याच कोळप्याला ते गुंडाळते. लागणीनंतर आठवड्या-दहा दिवसांनी पहिली फेरी, मग दर आठ-दहा दिवसांनी एक, अशा तीन-चार फेऱ्या झाल्या की पिकाची सावली पडते आणि तण दबते. तण दिसत नाही म्हणून फेरी चुकवू नये. मातीचा वरचा पापुद्रा फुटला, बारीक भेगा बुजल्या की खालची ओल टिकते. कोळपणीला जुने लोक अर्धे पाणी म्हणत ते याचसाठी.

सर्व तणांना मात्र हा उपाय सारखा लागू पडत नाही. घोळ आणि केना कापून जागेवर टाकले तर ओल मिळताच पुन्हा मुळे फोडतात. ते वेचून बाहेर काढावेत. अर्थात कोवळी घोळ, तांदुळजा, पाथरी ही कोळप्याखाली घालायची जिन्नस नव्हेत. आमची आई कोळप्याच्या पुढे टोपली घेऊन चालते आणि त्या दिवशीची भाजी तिथेच होते. हराळीत कोळपे घालूच नये. तिच्या कांड्यांचे तुकडे होतात आणि जिथे तुकडा पडेल तिथे नवी हराळी. ती कुदळीने खणून, कांडी न् कांडी वेचून उन्हात वाळवावी. लव्हाळा चिवट. वरचे पान कापले तरी जमिनीतली गाठ जिवंत राहते, उलट पहिल्या फेरीनंतर तो जास्तच फुटल्यासारखा दिसतो. तिथे घाबरू नये. दर आठवड्याला नवे पान कापत राहिल्यास गाठीतला साठा संपत जातो आणि एक-दोन हंगामांत तो विरळ होतो. उन्हाळ्यात परस रिकामे असेल तर खणून गाठी उन्हाला घालाव्यात.

गाजर गवत आपल्याकडे पुण्याच्या परिसरात १९५५ च्या सुमारास प्रथम नोंदले गेले आणि आज एकही बांध त्याच्यावाचून नाही. परसाच्या कडेला ते दिसले तर पांढरी फुले येण्याआधी उपटावे. हातात मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घालावी, कारण कित्येकांच्या अंगावर त्याने खाज आणि पुरळ उठते.

हे कोळपे उसात चालेल का, असे काही सभासदांनी विचारले आहे. सलग उसाला बैलाचे अवजार किंवा पॉवर टिलर सोडून हाताने ढकलत बसणे परवडणार नाही. पण रुंद सरीतल्या आंतरपिकाच्या कोवळ्या ओळीत आणि रोपवाटिकेच्या मधल्या वाटांत ते उपयोगी पडते.

निगा अशी काही मोठी नाही. काम झाल्यावर माती खरवडून पासेला जुन्या तेलाचा बोळा फिरवावा. दर दोन फेऱ्यांनंतर कानशीने वरच्या अंगाने धार लावावी. धार बोथट झाली हे ओळखायची खूण म्हणजे तण कापले न जाता पासेवर गोळा होऊ लागते. चाकाच्या आसात तेलाचे दोन थेंब सोडावेत. आणि शेजाऱ्याने मागितले तर जरूर द्यावे, पण परत येताना नट-बोल्ट मोजून घ्यावेत. आमच्या कोळप्याचा एक बोल्ट गेल्या श्रावणात गेला तो अजून आलेला नाही. सध्या तिथे तार गुंडाळली आहे आणि आई रोज आठवण करते.

ऊस विकास अधिकारी